काचेवरची टॉप टेन

नेरूळला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या आवडत्या कोरियन मुलांचा नवा अल्बम आला की पुढचे सात दिवस तिच्याशी दुसऱ्या कशावर बोलायची सोय नसते. "मामा, मागच्या वेळचा पहिल्या दिवसाचा आकडा दुपारीच मोडला!" असा मेसेज येतो, मी आपला एक अंगठा पाठवून देतो. पहिल्या आठवड्याचा खप किती महत्त्वाचा, हे मला तिनेच शिकवलंय. कोरियात हानतेओ नावाचा चार्ट आहे, तो गिऱ्हाइकाच्या हातात पडलेल्या प्रती मोजतो. दुसरा सर्कल, म्हणजे २०२२ पर्यंतचा गाऑन. तो दुकानांकडे रवाना झालेला माल मोजतो. इन्कम टॅक्सचा फॉर्म भरायला ही मुलगी मला फोन करते, पण यातली कलमं-पोटकलमं न अडखळता सांगते.

एकदा तिच्या टेबलावर एकाच अल्बमचे तीन खोके दिसले. "गाणी वेगळी आहेत का गं?" "गाणी तीच रे, फोटो वेगळे." खोका चांगला पाठ्यपुस्तकाएवढा जाड. आत गुळगुळीत कागदावरचं फोटोंचं पुस्तक, स्टिकर, घडी घातलेलं पोस्टर आणि एक छोटं कार्ड. त्या कार्डावर गटातल्या कुठल्या मुलाचा फोटो निघेल हे पाकीट फाडेपर्यंत कळत नाही. हवा तो निघाला नाही की दुसरा खोका. सगळ्यात तळाशी, कागदी पाकिटात, सीडी. ती तिघांतही जशीच्या तशी होती, कारण घरात सीडी वाजवायला काहीच नाही. लॅपटॉपलाही फट नाही. गाणी ती फोनवरच ऐकते, लोकलमध्ये.

हे खोके ती एकटी मागवत नाही. नेरूळ, खारघर, पनवेलच्या मुली मिळून ऑर्डर देतात, कस्टमची ड्यूटी वाटून घेतात आणि पार्सल आलं की सीवूड्सच्या मॉलमध्ये बसून वाटप होतं. ऑर्डर कुठल्याही दुकानातून चालत नाही, हानतेओशी जोडलेलंच कोरियन दुकान लागतं. नाहीतर प्रत मोजली जात नाही. म्हणजे सीवूड्समध्ये फोडलेल्या खोक्याची नोंद सेऊलमध्ये होते, आणि भारतात संगीताची किती विक्री झाली याच्या कुठल्याही हिशेबात ती मुलगी नसते. २०२३ मध्ये दोन कोरियन गटांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकी ४५ लाखांहून जास्त प्रती खपवल्या. त्यातल्या किती सीडी पाकिटाबाहेर निघाल्या असतील, देव जाणे.

माझी बहीण याला खूळ म्हणते. मला तसं म्हणवत नाही, कारण मी टॉप टेन तयार होताना पाहिलेली आहे. पाहिली काय, लिहिलेली आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॉलेज सुटलं की मी ठाण्यात गोखले रोडवरच्या एका कॅसेटच्या दुकानात संध्याकाळी बसायचो. पगार बेताचा, पण गाणी फुकट. अक्षर बरं म्हणून दर शनिवारी एक काम माझ्याकडे असायचं. ड्रॉइंगचा अर्धा कागद घ्यायचा, वर लाल स्केचपेनने 'या आठवड्याची टॉप टेन' लिहायचं, खाली निळ्याने दहा नावं आणि कागद आतून काचेला चिकटवायचा. नावं मालक सांगायचे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. पहिले दोन नंबर अण्णा बिनचूक सांगत. त्यात लबाडी करण्यात अर्थ नव्हता, ती गाणी रिक्षावालेसुद्धा वाजवत होते. तिसऱ्या नंबरापासून अण्णांचे डोळे काउंटरमागच्या फळीकडे वळायचे. दहावर एक फुकट अशी स्कीम देऊन गेलेल्या सेल्समनची कॅसेट तिसरी किंवा चौथी. पन्नास उचलून चाळीस उरल्या असतील ती सातवी. दहाव्या जागेवर शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत, "दुकानाला शोभा येते रे."

गंमत अशी, की कागद लागला की सोमवारपासून लोक येऊन खरोखर तीच मागायचे. "ती चार नंबरची द्या." नाव नाही, नंबर. पुढच्या शनिवारी ती कॅसेट खरोखरच चौथी आलेली असायची आणि अण्णा म्हणायचे, "बघ, मी सांगितलं नव्हतं?"

पुढे कधीतरी वाचनात आलं, की अमेरिकेतही १९९१ पर्यंत बरंचसं असंच चाललेलं होतं. बिलबोर्ड हे मूळचं भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्याचं पत्र, १८९४ मध्ये सुरू झालेलं. संगीताकडे ते नंतर वळलं. १९५६ पासून त्यात अल्बमचा साप्ताहिक चार्ट नियमित येऊ लागला. त्यासाठी दुकानांना फोन करायचे, काउंटरवरचा माणूस सांगेल तो क्रम टिपून घ्यायचा. किती प्रती गेल्या हा आकडा नाही, नुसता क्रम. आता काउंटरवरचा माणूस म्हणजे तिकडचा अण्णाच. ज्या कंपनीने फुकट माल दिला तिचं नाव वर. आणि जे संगीत त्याला स्वतःला आवडत नाही, किंवा जे विकत घेणारी माणसं त्याला फारशी पसंत नाहीत, ते कितीही खपलं तरी त्याला पटकन आठवायचं नाही.

मे १९९१ मध्ये बिलबोर्डने साउंडस्कॅनचे आकडे घेतले. कॅशियरने बारकोड वाचला की विक्री आपोआप नोंदली जायची, माणसाच्या आठवणीला जागाच नाही. चार्ट एका आठवड्यात ओळखू येईना. कंट्री संगीत हा खेडवळ लोकांचा प्रकार म्हणून खाली पडलेला होता, तो वर आला. रॅप वर आलं, हेवी मेटल वर आलं. एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसकडच्या रॅप गटाचा अल्बम त्या जूनमध्ये थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला आणि पुढच्याच आठवड्यात पहिला. सप्टेंबरात गार्थ ब्रूक्सचा अल्बम आल्या आल्या पहिला, कंट्रीच्या बाबतीत हे आधी कधी घडलेलं नव्हतं. लोकांची आवड रातोरात पालटली नव्हती. ही माणसं आधीही तेच विकत घेत होती, फक्त फोनवर त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणा या सिएटलकडच्या पोरांनी खुद्द मायकेल जॅक्सनला पहिल्या जागेवरून उठवलं. तिकडे अजून असं बोललं जातं, की नाताळात आईबापांनी दिलेल्या सीडी मुलांनी दुकानात परत करून निर्वाणाची बदलून नेली. खरं-खोटं तपासायला बारकोड पुरत नाही. बारकोडला काय गेलं ते कळतं, का गेलं ते नाही.

गोखले रोडवर बारकोड आला असता तर काय दिसलं असतं, हा विचार मी पुष्कळदा केलाय. पहिली गोष्ट म्हणजे खालचा ड्रॉवर. काचेवर ज्यांचं नाव कधीच लागलं नाही अशा कॅसेट अण्णा काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. कोळीगीतं, भीमगीतं, प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, आनंद शिंद्यांची लोकगीतं. सात ते दहा तारखेच्या दरम्यान वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचा पगार झाला की संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं ते काचेकडे न बघता सरळ आत. डबा हातात, अंगाला तेलाचा वास. दोन-दोन, तीन-तीन कॅसेट घ्यायचे, घासाघीस नाही, ऐकून बघणं नाही. त्या चार दिवसांत ड्रॉवर दोनदा भरावा लागायचा. मी एकदा म्हटलं, "अण्णा, ही पहिल्या नंबरावर लिहू का?" अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे स्केचपेनचं टोपण उघडलं. राम मारुती रोडवरच्या बायका काच वाचून आत येतात, त्या आल्या पाहिजेत, एवढंच त्यांचं गणित. ते जातीवादी वगैरे होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी तो विचारच केलेला नव्हता, आणि मला वाटतं तेच जास्त खटकतं.

दुसरी गोष्ट, कॅसेट भरून देणं. कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट आणा, गाण्यांची यादी द्या, दोन दिवसांनी न्या. कायद्यात ते बसत नव्हतं आणि गल्लोगल्ली चालू होतं. त्या याद्यांची एक लांबट वही होती. डाव्या बाजूला गाण्याचा मुखडा, उजवीकडे मिनिटं-सेकंद, खाली बेरीज. तीस मिनिटांच्या बाजूला साडेएकोणतीस झाली की थांबायचं, नाहीतर शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटतं आणि गिऱ्हाईक परत येऊन भांडतं. जुन्या गाण्यांचं बरं असायचं, ती मूळची अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूला मावतील अशी बांधलेली, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपास. बेरीज सोपी. ठाण्यातल्या माणसांना नेमकं काय ऐकायचंय हे त्या वहीत लिहिलेलं होतं, कारण तिथे कंपनी नाही, स्कीम नाही, पोस्टर नाही. माणूस आठवून आठवून बारा गाणी लिहितो, आणि त्यात नवीन क्वचित एखादं.

कंपन्यांच्या हिशेबात त्या वहीचं अस्तित्व नव्हतं. टी-सीरीजने तर १९८३ पासून सगळं गणितच विस्कटलेलं. गुलशन कुमारांनी कॅसेट स्वस्त केली आणि पानाच्या गादीवर, किराणा दुकानात नेऊन ठेवली. नुसती संगीताची दुकानं धरून देशाची आवड मोजायची म्हणजे मुलुंडच्या टोलनाक्यावर उभं राहून ठाण्यात किती माणसं फिरतात ते सांगण्यापैकी होतं.

याच अडचणीवर आपल्याकडे एका माणसाने फार आधी तोडगा काढला होता. इंग्लंडमधला पहिला विक्रीचा चार्ट न्यू म्युझिकल एक्स्प्रेसने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापला, वीसेक दुकानांना फोन करून. जागा बारा होत्या आणि गाणी पंधरा निघाली, कारण काहींची बरोबरी झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३ डिसेंबरच्या बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, बिनाका टूथपेस्टवाल्यांचा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम. सिलोनवर का, तर त्याच वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांना देशाचा कान सुधारायचा होता. देशाने सुई सिलोनकडे वळवली, आणि १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. असो.

अमीन सायानींनी क्रमवारी लावताना रेकॉर्डच्या विक्रीवर विसंबून न राहता गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही धरली. हे मला आजही शहाणपणाचं वाटतं. रेकॉर्ड विकत घेणारा म्हणजे ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे तो. बाकीचा देश हॉटेलात, पानपट्टीवर, शेजाऱ्याच्या ओट्यावर ऐकत होता आणि पोस्टकार्ड लिहीत होता. झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव केवळ फर्माइशींमुळे भारतभर झालं. यातही लबाड्या होत्याच, एकाच हस्ताक्षरातली पत्रं वेगवेगळ्या नावांनी जायची. पण निदान मोजणाऱ्याने गल्ल्यापासून दोन पावलं बाजूला सरकून पाहिलं. अण्णांकडे हा विषय काढला की ते म्हणायचे, "त्यांना टूथपेस्ट विकायची होती रे, कॅसेट नाही." हेही खरंच होतं.

साप्ताहिक चार्टबद्दल माझी जुनी तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडे संगीत आठवड्याने खपतच नाही, ते सणाने खपतं. श्रावण संपत आला की आरत्यांच्या कॅसेट सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांनी यायच्या, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात हिंदी सिनेमाची काय बिशाद त्यांच्यापुढे. आषाढीला विठ्ठल. लग्नसराईत सनईची एक कॅसेट आणि पाठवणीच्या गाण्यांची एक. त्यातलं सगळ्यांना रडवणारं गाणं आमच्या ठाण्याच्या माणसाचं, जनकवी पी. सावळाराम यांचं. ते ठाण्याचे नगराध्यक्षही होते, हे गिऱ्हाइकाला सांगायची अण्णांना भारी हौस. ही सगळी वर्षानुवर्षं तीच ध्वनिमुद्रणं. दर वर्षी खपणारी, आणि नवीन नाहीत म्हणून काचेवर कधीच न लागणारी. "जुन्याला नंबर कशाला? ते विकलं जातंच," अण्णा म्हणायचे.

बिलबोर्डचाही नेमका हाच नियम होता. ठरावीक मुदत उलटलेला आणि क्रमाने घसरलेला अल्बम मुख्य चार्टमधून काढून जुन्यांच्या वेगळ्या यादीत टाकायचे. जून २००९ मध्ये मायकेल जॅक्सन गेला आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. त्याचा जुना संग्रह पहिल्या क्रमांकाच्या अल्बमपेक्षा जास्त खपला, तरी पहिला क्रमांक त्याला मिळाला नाही, कारण नियम. अखेर त्या वर्षाअखेरीस नियम बदलला आणि जुने अल्बम पुन्हा मुख्य यादीत आले. त्यामुळे पिंक फ्लॉइडचा १९७३ चा एक अल्बम आता ९०० हून जास्त आठवडे त्या यादीत असल्याचा हिशेब लागतो. सण तर त्यांनाही चुकला नाही. मराया कॅरीचं १९९४ चं नाताळचं गाणं डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर आलं, आणि त्यानंतरच्या नाताळांतही पुन्हा पुन्हा आलं. त्यांचा गणपती.

आता मोजणी थेट ऐकण्याचीच होते, म्हणजे भांडण मिटायला हवं होतं. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डने स्ट्रीमिंग अल्बमच्या चार्टात धरलं. १५०० वेळा गाणं वाजलं की एक अल्बम विकला असं समजायचं. २०१८ मध्ये त्यातही पंक्तिप्रपंच आला. पैसे भरणाऱ्यांनी १२५० वेळा ऐकलं की एक अल्बम, जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांनी ३७५० वेळा ऐकावं, असा तेव्हाचा हिशेब. म्हणजे फुकट्याचे तीन कान झाले की गिऱ्हाइकाचा एक व्हायचा. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून तर मी प्रीमियम घेतलंय." ती आणि तिच्या मैत्रिणी गाणं लावतात त्यालाही शिस्त आहे. आवाज बंद ठेवायचा नाही, तेच गाणं लागोपाठ फिरवायचं नाही, मध्ये दुसरं घालायचं, नाहीतर यंत्राला संशय येतो. मी विचारलं, "आणि ऐकायचं कधी?" तिने पुन्हा मला माझ्याच छापाचा एक अंगठा पाठवला.

स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. तेव्हापासून गाणी दारातच गळ्यात पडायला लागली आहेत. सुरावट, वाद्यवृंद, मग मुखडा, एवढा दम कुणाला? यूट्यूबवर तर जाहिराती विकत घेऊन पहिल्या चोवीस तासांचे विक्रम होऊ लागले. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर आपल्याकडच्याच एका रॅप गाण्यावरून बरीच चर्चा झाली आणि त्या सप्टेंबरात यूट्यूबने जाहिरातीतून आलेले व्ह्यूज चार्टसाठी धरायचे नाहीत असं ठरवलं. ती बातमी वाचून मला अण्णांची तीन नंबरची जागा आठवली. स्कीम तीच, फक्त दहावर एक फुकट नव्हतं.

आईकडे कारवां आहे. सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीने, २०१७ मध्ये काढलेला तो रेडिओसारखा डबा, आत पाच हजार गाणी भरलेली. तो विकला गेला तेव्हा एक वस्तू म्हणून मोजला गेला असेल. त्यानंतर आईने त्यात काय ऐकलं, कुठलं गाणं पुढे ढकललं, कुठलं लागताच पोळी तव्यावर करपू दिली, हे कुठल्याही यंत्राला ठाऊक नाही. आणि आईची पिढी काही छोटी नाही.

तसंच नवी मुंबईच्या गावांचं. डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले तीन रात्री वाजून गेलं, सगळ्या जगाला कळलं. तिथून चार-दोन स्टेशनांवरच्या गावांत दर लग्नसराईत हळदीच्या रात्री जी गाणी वाजतात, ती कुठल्या अल्बमची असतात हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आगरी-कोळ्यांत पूर्वी धवलारीण यायची, लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालायचे. अजूनही काही घरी येते. तिचं गाणं फार तर नातवाच्या मोबाइलमध्ये असतं. मग बेंजो आला, मग साऊंड आला. नवी गाणी गावातलीच पोरं घरच्या घरी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात, आणि ती खाडीच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांना पाठ असतात.

मागच्या वैशाखात घणसोलीला एका मित्राच्या पुतण्याची हळद होती. मी सवयीने साऊंडवाल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. विशीतला पोरगा, लॅपटॉपवर एक लांबलचक यादी, बाजूला वहीच्या फाडलेल्या पानावर दहा-बारा नावं वेगळी. ती कशाची म्हणून विचारलं.

"दहाला बंद करायला लागतं ना. पोलीस येतात. पावणेदहापासून ही."

म्हणजे रात्रभराची यादी संपली आणि हातात फक्त पंधरा मिनिटं उरली, तर लोकांना काय हवं असतं, ते त्या कागदावर होतं. मी चष्मा वर करून वाचलं. त्यातली निम्मी तरी अण्णांच्या ड्रॉवरमधली होती. मी म्हटलं, "अरे, यात या वर्षीचं एकही नाही की."

त्याने घड्याळाकडे बघत आवाजाचं बटण थोडं चढवलं. "नवीन आठ वाजता वाजवली ना सगळी. आता वाजवली तर मला घरी जाऊ देनार नाय, काका. तुम्ही जरा बाजूला व्हा, बायका येतील आता नाचायला."